'जेवलात का?' या प्रश्नाला वॉर्डात खरं उत्तर मिळत नाही

प्रश्न जीएनएमच्या (नर्सिंगच्या पदविकेच्या) पहिल्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीचा आहे. तिची मेडिकल वॉर्डात नुकतीच पोस्टिंग लागली आहे. संवादाची तत्त्वं पाठ आहेत, आहाराचं कोष्टकही पाठ आहे. पण पेशंट सगळ्याला 'हो सिस्टर' म्हणतात आणि ताट जवळजवळ तसंच परत जातं. नातेवाईक म्हणतात, सलाइन लावा म्हणजे ताकद येईल. अशा वेळी नेमकं काय बोलायचं आणि काय खायला सांगायचं, असं तिनं विचारलं आहे.

मी सव्वीस वर्षं वॉर्डात काढली, आधी ऑर्थोला, म्हणजे हाडांच्या वॉर्डात, आणि मग मेडिकलला. आता विद्यार्थिनींना घेऊन राउंडला जाते. कॉलेजात संवादाचा तास वेगळा आणि आहाराचा तास वेगळा असतो, त्यामुळे ही दोन कामं वेगळी आहेत असं तुला वाटणं साहजिक आहे. कॉटपाशी उभं राहिल्यावर मात्र ते एकच काम असतं. पेशंट का जेवत नाही हे तो सांगेल तेव्हाच कळेल, आणि तो सांगेल ते तू कसं विचारतेस त्यावर.

सुरुवात 'जेवलात का?' या प्रश्नापासून करू, कारण वॉर्डात सगळ्यात जास्त वेळा हाच विचारला जातो. आपल्याकडे ती विचारपूस आहे. दारात आलेल्याला आपण हेच विचारतो, फोनवर मावशीला हेच विचारतो, आणि उत्तरही ठरलेलं असतं: 'हो, आत्ताच झालं.' पेशंट तुझ्याशी खोटं बोलत नसतो, तो शिष्टाचाराला शिष्टाचारानं उत्तर देत असतो. आपण मात्र ते खरं धरून चार्टवर लिहून मोकळ्या होतो.

ऑर्थो वॉर्डातल्या एक आजी मला अजून आठवतात. खुब्याचं हाड मोडलेलं, ऑपरेशन होऊन चौथा दिवस. आधीचे तीन दिवस मीच त्यांच्या चार्टवर 'डाएट घेतला' असं लिहीत होते, कारण विचारलं की त्या म्हणायच्या, 'जेवले गं माय, पोटभर.' चौथ्या दिवशी व्यायामासाठी उभं केलं तर घेरी आली. लघवी गडद आणि थोडी, ओठ कोरडे. त्या दुपारी जेवणाची गाडी आली तेव्हा मी पहिल्यांदा त्यांच्या कॉटपाशी थांबले. त्यांनी भाताचे दोन घास खाल्ले, बाकीचा वरणात कालवून ताटातच ठेवला. मी शेजारच्या पेशंटकडे वळले तशी अंडं आणि दोन्ही पोळ्या हातरुमालात बांधून उशीखाली सरकवल्या. संध्याकाळी आजोबा आले. ते तीन रात्री व्हरांड्यात झोपत होते आणि त्या पुरचुंडीवर त्यांचं पोट भरत होतं. पाणी का पीत नाही, हे आजींनी मी पडदा ओढून स्टूलवर बसल्यावर सांगितलं, तेही हळू आवाजात: 'भांडं मागायला त्या मामाला हाक मारावी लागते. लाज वाटते.'

त्यांच्या आहारात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतंच. ताटात सगळं होतं. समाजसेवा अधीक्षकांना सांगून आजोबांच्या जेवणाची सोय केली. बेडपॅन घेऊन वॉर्डबॉय मामांऐवजी आयामावशीच येतील आणि सकाळी, जेवणाआधी, दुपारी चारला आणि रात्री झोपताना न मागता येतील, असं ठरवलं. दोन दिवसांत लघवीचा रंग सुधारला आणि उशीखाली रुमाल राहिला नाही. सरकारी दवाखान्यात बायका पाणी कमी पितात, त्यामागे बहुतेक वेळा संडासाची अवस्था किंवा ही लाज असते. 'भरपूर पाणी प्या' हा सल्ला देण्याआधी लघवीला कुठे आणि कसं जाता, हे विचारत जा.

आता विचारायचं कसं? आधी बस. उभ्यानं, एक हात ट्रॉलीवर ठेवून विचारलेल्या प्रश्नाला पेशंट एका शब्दात उत्तर देतो, कारण तुला घाई आहे हे त्याला दिसत असतं. स्टूल ओढून दोन मिनिटं बसलीस तर तीच दोन मिनिटं त्याला जास्त वाटतात. तोंडावर मास्क असेल तर वयस्कर माणसाला तुझे ओठ दिसत नाहीत आणि निम्मे शब्द निसटतात, तेव्हा आवाज चढवण्यापेक्षा जवळ जा आणि सावकाश बोल. हाक कशी मारू, हेही विचार. पंचावन्न वर्षांच्या शिक्षिकेला 'आजी' म्हटलेलं आवडत नाही, आणि खेड्यातून आलेल्या म्हातारीला आडनावानं हाक मारली तर परकं वाटतं.

मग असे प्रश्न विचार, ज्यांना 'हो' म्हणून सुटता येत नाही. 'सकाळपासून पोटात काय काय गेलं?' 'भात वाटीभर गेला की दोनच घास?' 'घरी असतात तर आत्ता काय खाल्लं असतं?' हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात जास्त उपयोगी पडला. त्याचं उत्तर देताना माणूस पहिल्यांदा जेवणाबद्दल आपणहून बोलायला लागतो. कुणी म्हणतं, नाचणीची आंबील. कुणी म्हणतं, ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून. यातलं बरंच काही डब्यात आणता येतं आणि बहुतेकदा पथ्यातही बसतं. आणि प्रश्न विचारून झाला की गप्प रहा. पाच-सात सेकंदांची शांतता तुला जड जाईल, पण खरं उत्तर त्या शांततेनंतर येतं.

पेशंट वापरतो तो शब्द जसाच्या तसा ऐक. 'भूक नाही' हे आपलं भाषांतर असतं, त्याचे शब्द वेगवेगळे असतात आणि प्रत्येकाचं कारणही वेगळं असतं. 'अन्नावर वासना नाही' म्हणजे इच्छाच मेली आहे: ताप, जुना आजार किंवा मनाची उदासी शोधायची. 'तोंड कडू पडलंय' म्हणाला तर औषधं बघ. मेट्रोनिडॅझोलनं तोंडाला धातूसारखी चव येते, आणि हे आधी सांगितलेलं असलं की पेशंट घाबरत नाही. 'तोंड आलंय' म्हणजे टॉर्च घेऊन जीभ आणि गालाची आतली बाजू बघायची. 'पोट गच्च आहे' म्हणजे संडास कधी झाली ते विचारायचं. चार दिवस झाली नसेल तर कोणतंही ताट परतच जाणार. 'जेवण जात नाही' हा शब्द फसवा आहे. इच्छा नाही म्हणूनही तो वापरतात आणि गिळता येत नाही म्हणूनही. तिथे लगेच विचारायचं, 'जात नाही म्हणजे? नको वाटतं की घास अडकतो?' घास अडकतो, आधी पोळी अडकायची आणि आता पातळही अडकतं, असं कुणी सांगितलं तर ते त्याच राउंडला डॉक्टरांच्या कानावर गेलं पाहिजे. आणि कुणी 'आता जेवून तरी काय करायचंय' असं म्हणालं तर 'असं नाही बोलायचं, बरे व्हाल' म्हणून पुढे जाऊ नकोस. खाली बस, 'असं का वाटतंय?' म्हणून विचार, आणि ऐकलेलं इनचार्ज सिस्टर आणि डॉक्टर दोघांनाही सांग. ते आहाराबद्दल बोलत नसतात.

आणखी एक साधी गोष्ट: कवळी. ती घरी राहिलेली असते, किंवा लॉकरमध्ये डबीत असते, किंवा वजन घटल्यामुळे सैल होऊन टोचत असते. पोळी परत गेली की आधी तोंड बघ.

वजन घटलंय का, हे ओळखायला काटा हवाच असं नाही. अंथरुणाला खिळलेल्याला काट्यावर उभं करताच येत नाही. बांगड्या कोपरापर्यंत सरकतात का, ब्लाऊज सैल झाला का, पट्ट्याचं नवं भोक पाडावं लागलं का, हे विचारलं की लोक अचूक सांगतात. महिन्याभरात वजन ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के उतरलं असेल, म्हणजे ६० किलोचा माणूस महिन्यात ५७ वर आला असेल, तर ती नोंद लाल पेनानं करण्यासारखी आहे. पायावर सूज असेल तर वजनाचा आकडा फसवतो, तेव्हा दंडाचा घेर मोज आणि आठवड्यानं त्याच हाताचा पुन्हा मोज.

आता सलाइन. 'ताकदीची बाटली' हा समज काढायला तुझ्याकडे साधं गणित हवं. ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या ५०० मिलिलिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे सुमारे ८५ कॅलरी. एका मध्यम पोळीएवढ्या. नॉर्मल सलाइनच्या तेवढ्याच बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं आणि कॅलरी शून्य. प्रथिनं दोन्हींत नाहीत. हे नातेवाइकांना सांगताना 'तुमचा गैरसमज आहे' असं सुरू करू नकोस. मी म्हणते, 'बाटलीनं शरीराला पाणी मिळतंय, ते गरजेचं आहेच. पण जखम भरायला लागणारा माल बाटलीत नाही, तो डब्यातूनच येणार. उद्या काय आणाल?' मग तो माणूस वाद घालत नाही, डब्याचा विचार करायला लागतो.

डब्यात काय, हा तुझ्या प्रश्नाचा दुसरा भाग. आजारी माणसाला हलकं द्यायचं म्हणून घराघरांतून पेज, साबुदाण्याची खीर, वरणाचं पाणी आणि चहा-बिस्किटं येतात. पचायला हलकं आहे हे खरं, पण साबुदाण्यात १०० ग्रॅमला १ ग्रॅमसुद्धा प्रथिनं नसतात, आणि वरणातली डाळ भांड्याच्या तळाशी राहिलेली असते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२०च्या शिफारशींप्रमाणे निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. ऑपरेशन, जखम, ताप असला की ती गरज साधारण १.२ ग्रॅम किंवा त्याहून जास्त होते. ५० किलोच्या बाईला म्हणजे ६० ग्रॅम.

हे ६० ग्रॅम स्वयंपाकघराच्या भाषेत सांगता आले पाहिजेत. एका अंड्यात ६ ग्रॅम, २०० मिलिलिटर दुधात ६ ते ७. ३० ग्रॅम डाळीच्या घट्ट वरणाची वाटी ६ ते ७, मूठभर म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाणे ७, वाटीभर दही ४ ते ५, एक पोळी किंवा छोटी भाकरी ३. दोन अंडी, दोन कप दूध, दोन वाट्या वरण, मूठभर शेंगदाणे, एक वाटी दही आणि तीन पोळ्या झाल्या की जवळपास पोचलो. अंडी खात नसतील तर फुटाणे, मटकीची उसळ, पनीर. पण ज्याला दोन घास जात नाहीत त्याच्यापुढे ही यादी वाचणं निर्दयपणाचं आहे. त्याला सहा वेळा थोडं थोडं द्यायचं आणि आहे तेच घट्ट करायचं: पेजेत शेंगदाण्याचं कूट आणि चमचाभर तूप, दुधात दूध पावडर, मऊ भातात भरपूर मेतकूट. मेतकुटात भाजलेल्या डाळी असतात, वास ओळखीचा असतो आणि कडू पडलेल्या तोंडालाही ते चालतं. कित्येक पेशंटचं जेवण मी मेतकूट-भातापासून परत सुरू झालेलं पाहिलं आहे.

पथ्याच्या समजुतींबद्दल एक सांगते. 'भातानं टाके पिकतात', 'अंडं उष्ण पडतं', 'दही थंड, खोकला होईल' हे तुला रोज ऐकायला मिळेल. टाके भातानं पिकत नाहीत, जंतूंनी पिकतात. पण सासूबाईंसमोर सुनेला हे ठणकावून सांगितलंस तर ताटातला भातही जाईल आणि तुझ्यावरचा विश्वासही. भात नको ना, मग भाकरी. तुरीचं वरण चालत नाही, मग मुगाचं चालेल का? प्रथिनं पोटात जाण्याशी आपला संबंध आहे. समजूत बदलायला पुढे वेळ मिळतो. मात्र जिथे समजुतीनं जिवाला धोका आहे तिथे मी माघार घेत नाही, आणि तशी एक वस्तू आपल्या संस्कृतीत प्रेमानं आणली जाते: शहाळं. भेटायला येणारा रिकाम्या हातानं येत नाही. पण एका शहाळ्यात ५०० मिलिग्रॅमच्या आसपास, मोठ्या शहाळ्यात त्याहून जास्त पोटॅशियम असतं. किडनी निकामी असलेल्या पेशंटमध्ये ते साठून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. अशा कॉटपाशी पाहुण्यांना हात जोडून सांगायचं, 'आणलंत ते मनापासून, पण यांच्यासाठी हे औषधाच्या उलट आहे.' आणि शहाळं परत करायचं, लॉकरवर ठेवायचं नाही. 'लो सोडियम' म्हणून मिळणाऱ्या मिठातही बहुधा पोटॅशियम क्लोराइड असतं, तेही विचारून घे. उलट डायलिसिस सुरू झालं तरी 'डाळ बंद' हे जुनं पथ्य चालू ठेवणारे पुष्कळ भेटतात. डायलिसिसमध्ये प्रथिनं वाया जातात आणि त्यांची गरज वाढलेली असते. असा पेशंट दिसला की आहारतज्ज्ञांकडे पाठव.

डायबेटिसच्या पेशंटला वार विचारायला शीक. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी. उपवास सांगत नाहीत, कारण सिस्टर रागावतील. रेग्युलर इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास देतात. ते दिलं, आणि नंतर कळलं की आज संकष्टी आहे, चंद्रोदयाशिवाय जेवणार नाही, तर रक्तातली साखर उतरून घाम, थरथर, बडबड सुरू होते. म्हणून जेवण आलं आहे का आणि आज खाणार आहात ना, हे विचारल्याशिवाय सिरिंज भरायची नाही. रक्तातली साखर ७०च्या खाली आणि पेशंट शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी, मग काहीतरी खायला. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, डॉक्टरांना बोलवायचं.

लकवा झालेल्या पेशंटच्या बाबतीत नातेवाइकांवर डोळा ठेव. प्रेमापोटी ते आडव्या माणसाच्या तोंडात चमच्यानं चहा किंवा पाणी सोडतात. पातळ पदार्थ सगळ्यात पटकन श्वासनलिकेत जातो. घट्टसर त्यापेक्षा सुरक्षित. गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय काहीच नाही. तपासणीनंतर परवानगी मिळाली तर पूर्ण बसवून, हनुवटी किंचित खाली, चांगल्या बाजूनं छोटा घास, आणि प्रत्येक घासानंतर दोन शब्द बोलायला लावायचं. आवाज ओला, गुरगुरता आला किंवा खोकला आला की थांबायचं. जेवणानंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. राइल्स ट्यूबमधून, म्हणजे नाकातून पोटात घातलेल्या नळीतून, फीड असेल तर डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर, आणि नळी जागेवर असल्याची खात्री आधी. सिरिंजनं हवा सोडून पोटावर आवाज ऐकण्याची पद्धत अजून शिकवली जाते, पण ती भरवशाची नाही. नळीतून ओढून घेतलेल्या द्रवाचा पीएच (आम्लतेचं माप) ५.५ किंवा कमी असावा, आणि शंका असेल तर एक्स-रे.

क्षयाच्या वॉर्डात गेलीस तर अन्नाचं महत्त्व आणखी ठळक दिसेल. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या घरच्यांना दर महिन्याला रेशन देऊन केलेला 'राशन्स' अभ्यास २०२३मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या घरांत घरच्यांनाही धान्य-डाळ मिळाली तिथे, फक्त रुग्णालाच रेशन मिळालेल्या घरांपेक्षा, घरच्यांमधल्या नव्या क्षयाचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी निघालं. सरकारच्या निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असलेल्या रुग्णाला महिन्याला ५०० रुपये मिळत होते, नोव्हेंबर २०२४पासून ते १००० झाले. गोळ्या घेतल्या का, हे सगळेच विचारतात. पैसे खात्यात आले का आणि त्यातून घरी काय आलं, हेही तू विचार.

डिस्चार्जच्या दिवशी 'समजलं ना?' विचारू नकोस, त्याचंही उत्तर 'हो'च असतं. 'मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय, घरी गेल्यावर सुनेला काय सांगाल?' असं विचार. एका काकांना मी लोहाच्या गोळ्यांबद्दल सगळं सांगितलं होतं. त्यांना तेच उलट विचारलं तर म्हणाले, 'सकाळी चहाबरोबर घ्यायची.' चहानं लोह नीट शोषलं जात नाही, तासाभराचं अंतर हवं, लिंबूपाण्याबरोबर घेतली तर बरं, आणि शौचाला काळसर होईल त्याला घाबरायचं नाही. हे मी सांगितलं होतं, पण बाकीच्या दहा सूचनांच्या गर्दीत. त्या दिवसापासून मी एका वेळी तीनच गोष्टी सांगते.

राहिला चार्ट. 'डाएट घेतला' हे दोन शब्द लिहायचे नाहीत. मी विद्यार्थिनींकडून असं लिहून घेते: 'दु. १२.४०. वरण अर्धी वाटी, मऊ भात ४ चमचे, अंडं १ पूर्ण. पोळी नको म्हणाले, कवळी घरी राहिली आहे, मुलगा संध्याकाळी आणणार. पाणी १५० मि.लि. मळमळ नाही. संडास काल सकाळी.' लिहायला एक मिनिट लागतं, आणि संध्याकाळच्या ड्युटीला येणाऱ्या सिस्टरला कॉटपाशी जाऊन पहिला प्रश्न काय विचारायचा ते कळतं: कवळी आली का?